यादीत भातही होता

ढब्बूला शेपूट एकच होती, पण कंपाउंडरबाईंना त्या दोन दिसायच्या. एक घरातली आणि एक शेजारची. बाई दवाखान्यातून दमूनभागून घरी आल्या की ढब्बू उठायचा, जवळ यायचा, पिशवी हुंगायचा आणि शेपूट हलवायचा. नाही असं नाही. पण ते हलवणं हजेरी लावल्यासारखं असायचं. आणि मागच्या गॅलरीत शेजारच्या मावशींच्या चपला वाजल्या, की त्याच कुत्र्याचं कमरेपासूनचं सगळं अंग हलायला लागायचं, कान मागे जायचे आणि घशातून एक बारीक कुईकुई निघायची. ती कुईकुई बाईंनी नऊ वर्षांत स्वतःसाठी एकदाही ऐकली नव्हती.

बाईंना मत्सर वाटत होता. त्याला दुसरा बरा शब्द शोधण्यात काही अर्थ नाही. पन्नाशी ओलांडलेली, चारचौघांत मान असलेली, लग्न झालेल्या मुलीची आई एका कुत्र्यावरून शेजारणीवर जळत होती, आणि आपण जळतो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून जळणं थांबत नाही, हीच तर त्यातली गोम आहे.

बरं, हक्काचं म्हणाल तर बाईंचा हक्क कमी नव्हता. ढब्बू सापडला तो त्यांना, दवाखान्याच्या मागे, सलाइनच्या रिकाम्या खोक्यात, मूठभर, डोळेही न उघडलेला. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने दर दोन तासांनी त्याला दूध पाजलं ते बाईंनी. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या पलंगाखाली रुसून बसलेल्या ढब्बूची तीन दिवस मनधरणी केली ती बाईंनी. गोचिड्या काढल्या बाईंनी, नखं कापली बाईंनी, फटाफट गोळ्या गिळायला लावल्या बाईंनी. आणि मावशींनी काय केलं? वर्षापूर्वी शेजारच्या बिऱ्हाडात राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात जाळीखालून एक बशी सरकवली. झालं. नऊ वर्षांची सेवा एका बशीत वाहून गेली.

मावशी म्हणजे काही कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत. एका कारखान्याच्या कॅन्टीनचं स्वयंपाकघर तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघ्याने अधू. बाईंपेक्षा फार तर सहा वर्षांनी मोठ्या, पण आल्या दिवसापासून त्या अख्ख्या मजल्याच्या मावशी होऊन बसल्या आणि सगळ्यांना बेधडक अगंतुगं करू लागल्या. हात दोनशे माणसांचा. एकटीपुरतं करायला घेतलं तरी पातेलं भरायचं, म्हणजे उरायचं, आणि उरलेलं टाकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. दोन्ही घरांची मागची गॅलरी मुळात एकच; मधे लोखंडी जाळी ठोकून तिचे दोन भाग केलेले. जाळी बसवणाऱ्याने पाणी जायला खाली चार बोटं फट ठेवली होती. त्या फटीतून बशी बरोबर जायची.

"अगं, खातोय बिचारा, खाऊ दे की," बाईंचा नवरा म्हणायचा. नवरा बसड्रायव्हर. दिवसभर गर्दीवर खेकसून आलेला माणूस घरात कुणाशीच वाद घालत नाही. त्याच्याही हातात अधूनमधून मावशींकडच्या सुपाचा वाडगा दिसायचा आणि तो खुशाल मिटक्या मारत म्हणायचा, "हात आहे हं बाईला!"

त्याचं बाईंना काही वाटत नसे. नवऱ्याने शेजारणीच्या हातचं कौतुक केलं तर करू दे बापडा, तो जातोय कुठे? पण ढब्बूने ती बशी चाटूनपुसून लख्ख करावी आणि आपण ठेवलेल्या भांड्याकडे बघून नाक मुरडावं, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागायचं.

मग हाडाचं प्रकरण झालं. एका रविवारी सकाळी ढब्बू घसा खरवडल्यासारखा खोकायला लागला. तोंडातून लाळ, पुढचा पंजा सारखा जबड्यावर. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर धरून चिमट्याने घशातून बोटाच्या पेराएवढा एक टोकदार तुकडा काढला आणि ताटलीत टाकला.

"शिजवलेलं हाड आहे," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, कमी बोलायचे. "शिजलं की ठिसूळ होतं, आणि फुटलं की त्याची सुरी होते. घरी घातलंत?"

"घरी नाही," बाई म्हणाल्या. "शेजारी." आणि ते म्हणताना, खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला. ढब्बूच्या लाळेने हात बरबटलेले, छातीत अजून धडधड, आणि तरी आत कुठेतरी कुणीतरी टाळी वाजवली.

डॉक्टरांनी कागद ओढून सहा ओळी खरडल्या. शिजवलेली हाडं. कांदा. लसूण. द्राक्षं आणि मनुका. चॉकलेट. आंबवलेलं कच्चं पीठ. "एवढं अजिबात नको. मनुका लोक हसण्यावारी नेतात. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही आणि एखाद्याची मूत्रपिंडं बंद पडतात. कुणाला काय होईल ते आधी सांगता येत नाही. शेजाऱ्यांना हे द्या. आणि भांडू नका. भांडलं की लोक लपून घालतात."

डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तेव्हा मावशींना द्यायला बाईंनी ते दुसऱ्या दिवशी आपल्या दवाखान्यात उतरवायला घेतलं. दवाखान्याच्या औषधखिडकीवर त्या बावीस वर्षं होत्या. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं, गोळ्या पुडीत घालायच्या आणि पुडीवर ठळक अक्षरात लिहायचं: सकाळी एक, जेवणानंतर. त्यांचं अक्षर सगळ्या वस्तीत प्रसिद्ध होतं. म्हातारी माणसं चष्म्याशिवाय वाचायची. आणि त्यांचा नियमही प्रसिद्ध होता. खिडकीवर नवीन कुणी कामाला आलं की बाई पहिल्याच दिवशी बोट उगारून सांगायच्या, "आपण मधले. लिहिलंय त्यात आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही, आणि एक काढायचं नाही."

सहा ओळी लिहून झाल्या तेव्हा अर्धा कागद रिकामा होता.

बाई त्या रिकाम्या अर्ध्या कागदाकडे बघत बसल्या. मावशी हाडं बंद करतील, कांदा बंद करतील. आणि उद्या भातात अंडं कुस्करून तीच बशी तितक्याच प्रेमाने सरकवतील. आणि हा गाढव तितक्याच प्रेमाने खाईल. मग फरक काय पडला? खिडकीबाहेर माणसं खोळंबली होती. बाईंनी पेन उचललं आणि सातवी ओळ लिहिली: भात. मग उकडलेलं अंडं. मग गाजर, लाल भोपळा, दही. मावशींच्या बशीत जे जे काही असायचं ते सगळं त्यांना पाठ होतं.

लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वरचे सहा आणि खालचे पाच असे दोन गट उघड दिसताहेत. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि सगळं नीट कालवून लिहिलं. वर मथळा घातला: डॉक्टरांनी सक्त मनाई केलेले पदार्थ. त्यात मनुका बसल्या भात आणि गाजर यांच्या मधे. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं.

मावशींनी दार उघडलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिठात होते. बाईंनी पुडीत घालून आणलेला हाडाचा तुकडा आधी दाखवला, मग कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मावशी ओठ हलवत वाचत गेल्या.

"भातपण?"

"भातपण."

"अंडंसुद्धा? अगं, अंड्याने काय होतंय?"

"डॉक्टर म्हणतात."

मावशींचे डोळे भरून आले आणि पिठाच्या हातांनी पुसताही येईनात. "म्हणजे इतके दिवस मी मुक्या जिवाला मारायलाच निघाले होते होय गं? आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस." त्यांनी कागद कपाटाच्या दाराला चिकटवून घेतला आणि आईची शपथ घेतली, की आजपासून बशी बंद.

बाई जिना उतरून विनाकारण खाली एक चक्कर मारून आल्या. इतक्या हलक्या त्या कित्येक महिन्यांत झाल्या नव्हत्या.

पण जिंकलेली लढाई पचायला जड जाते. ढब्बू दिवसभर जाळीशी पडून राहायचा, नाक फटीत खुपसून. बाईंनी दुकानातून कुत्र्याच्या तयार खाण्याची मोठी पिशवी आणली. तो ते चार दाणे चघळून सोडायचा. आणि तीन-चार दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं, की पलीकडून चपलांचा आवाज येईनासा झालाय. मावशी गॅलरीत अनवाणी फिरायच्या. थंडगार फरशीवर, तो दुखरा गुडघा घेऊन, कपडे वाळत घालायच्या, का, तर ढब्बूला चाहूल लागून त्याचा जीव कासावीस होऊ नये म्हणून. हे बघून बाईंना दया यायला हवी होती. बाई आणखी जळल्या. कारण हे आपल्याला कधी सुचलं नसतं, हे त्यांना लगेच कळलं.

यापुढचं बाईंना मागाहून समजलं, पण सांगायचं ते इथेच. बाराव्या दिवशी बाईंनी उरलेलं तयार खाणं डब्यात ओतलं आणि रिकामी पिशवी घडी करून कचऱ्यासाठी दाराबाहेर ठेवली. मावशी भाजी आणायला निघाल्या होत्या. पिशवीवर एक कुत्रा हसत होता, आणि त्याच्याभोवती चित्रं काढलेली होती: फोडलेलं अंडं, गाजराच्या चकत्या, लाल भोपळ्याची फोड आणि पांढऱ्याशुभ्र भाताचा ढीग. मावशी चष्मा लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. कॅन्टीनच्या मागे तीस वर्षं भातावर पोसलेली कुत्री त्यांना एकेक आठवली असतील. मग त्या घरात गेल्या आणि कपाटावरच्या कागदापुढे उभं राहून म्हणाल्या, "बनवलंस होय मला?"

त्या भांडायला आल्या नाहीत. भांडायला माणूस आपलं वाटावं लागतं. कागद तसाच राहू दिला, पण त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापुरतं उरलं नाही. हाडं तेवढी त्यांनी घातली नाहीत, कारण तो टोकदार तुकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बाकी, बाई सकाळी नऊला कामावर गेल्या की बशी सरकायची आणि मग धुऊन आत जायची. पाठोपाठ फटही ओल्या फडक्याने पुसली जायची.

आणि गंमत बघा, त्या आठ दिवसांइतक्या बाई वर्षभरात कधी सुखी नव्हत्या. ढब्बू पुन्हा उड्या मारायला लागला, केस चमकायला लागले, संध्याकाळी दारात येऊन बाईंच्या अंगावर झेपावला. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आला की नाही ठिकाणावर? माया कुणाची ते कळतं जनावरांना."

नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं. पाळीप्रमाणे कधी सकाळी, कधी दुपारी घरी असणारा माणूस तो. त्याला बशीचा आवाज येत नव्हता असं थोडंच आहे?

गुरुवारी बाईंचं काम अर्धा दिवस असायचं. दुपारी दोनला त्या घरी आल्या तेव्हा नवरा सकाळची पाळी करून झोपला होता आणि ढब्बू दारात आला नाही. तो मोरीजवळ आडवा पडला होता. हाक मारल्यावर डोळे फक्त वळवले. पायपुसण्यावर त्याने ओकून ठेवलं होतं, आणि त्या ओकारीत काळपट, फुगलेल्या मनुका होत्या. पाच-सहा तरी असाव्यात.

बाईंना पुडीवरची गोळी ओळखायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. त्या अनवाणीच धावल्या आणि शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"मनुका घातल्या का त्याला? मावशी, मनुका घातल्या का?"

मावशींच्या अंगावर एप्रन होता, घरातून भाजलेल्या पावाचा वास येत होता. "घातल्या," त्या थंडपणे म्हणाल्या. "पावासाठी भिजवल्या होत्या, उरल्या. मनुकांनी काय होतंय?"

"यादीत होतं! मी लिहून दिलं होतं तुम्हाला, स्वच्छ अक्षरात! यादीत होतं!"

"यादीत भातही होता," मावशी म्हणाल्या.

बाईंची कानशिलं तापली. मग त्यांच्या मागून, उघड्या दारातून, ढब्बूच्या पुन्हा ओकण्याचा आवाज आला, आणि दोघीही धावल्या.

टॅक्सीत नवरा पुढे बसला, मागे दोघींच्या मधे चादरीत गुंडाळलेला ढब्बू. प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला उरलंसुरलं ओकून पडायला इंजेक्शन दिलं, पुढच्या पायावरचे केस कापून सुई लावली आणि सलाइन चालू केलं. मग विचारलं, "किती खाल्ल्या? कधी?"

"अर्धी वाटी, भिजवलेल्या," मावशी म्हणाल्या. तीस वर्षं मापाने स्वयंपाक केलेली बाई, अंदाजपंचे बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. "साडेदहाला. बरोबर साडेदहाला."

"चार तास होत आले." डॉक्टर बाईंकडे वळले. "ह्यांना यादी दिली नव्हतीत का?"

मावशींनी एप्रनच्या खिशात हात घातला. निघताना त्यांनी तो कागद कपाटावरून ओरबाडून बरोबर घेतला होता. चिकटपट्टीला कपाटाचा रंग लागून आला होता. "ही दिली होती. मला ह्यातलं खरं कुठलं ते सांगा तुम्ही."

डॉक्टरांनी कागद वाचला. एकदा वाचला, मग परत पहिल्या ओळीपासून वाचला. "ही माझी यादी नाही. भात? भोपळा? पोट बिघडलं तर मीच भात घालायला सांगतो. हे कुणी लिहिलं?"

बाईंना एक वाट सुचली होती. उतरवताना चूक झाली, दुसऱ्या कुणाच्या पथ्याचा कागद त्यात मिसळला, म्हणायचं. त्यांच्या धंद्यात होऊ शकेल अशी चूक, कुणीही विश्वास ठेवला असता. त्यांनी ढब्बूकडे बघितलं. तो सुईकडे बघत होता.

"मी," बाई म्हणाल्या. "अर्धी तुमची आणि अर्धी माझी."

"का पण?"

"त्याने ह्यांच्याकडे जाऊ नये म्हणून."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि सलाइनचा वेग बघायला वळले. नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि कशालाही न लावता परत ठेवला. मावशी मात्र बोलल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त वाईट.

"आमच्या कुत्र्याला काही घालू नका, एवढं म्हणाली असतीस तर नसतं घातलं गं मी. वाईट वाटलं असतं, दोन दिवस रडले असते. तुझा कुत्रा आहे. पण तू मला खोट्यात खरं मिसळून दिलंस. आता हा गेला तर माझ्या हाताने गेला असं आयुष्यभर मला वाटत राहणार, तुला नाही." आणि त्या एप्रन काढून, घडी करून, काखेत मारून एकट्या पायी घरी गेल्या.

दोन दिवस, दोन रात्री सलाइन चालू होतं. बाईंनी रजा टाकली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. नवरा कामावर जाताना आणि येताना डोकावायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रक्ताचा अहवाल घेऊन आले आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"मूत्रपिंडं सावरताहेत असं दिसतंय. पण तो खात नाहीये. तीन दिवस पोटात कण नाही, असं चालणार नाही. आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल. त्यासाठी गुंगी द्यावी लागते, आणि त्याचं वय आणि ही अवस्था बघता, ती तो सोसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मऊ भात द्या, नुसता. तुमच्या हाताने देऊन बघा."

बाईंनी देऊन बघितलं. गुडघे टेकून बसल्या, हातावर भात घेतला, बोटाने त्याच्या ओठाला लावला. राजा म्हणाल्या, सोन्या म्हणाल्या, लहानपणीची सगळी लाडाची नावं घेऊन झाली. ढब्बूने त्यांचा हात हुंगला, एक सुस्कारा टाकला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. नवऱ्याने देऊन बघितलं. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी देऊन बघितलं.

"घरी कुणाच्या हातचं आवडीने खातो?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा छताकडे बघायला लागला. बाई गप्प बसल्या. आणि त्या गप्प बसण्यात, एकच क्षण, त्यांच्या मनात आलं: घालू दे नळी.

आलं आणि गेलं. पण आलं होतं. स्वतःच्या मनातून असं काही निघू शकतं ह्याची बाईंना इतकी भीती वाटली की त्या ताडकन उठल्याच.

"अगं, कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"आणते त्यांना."

"आणि नाही आल्या तर?"

"तर पाय धरीन," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

मावशींनी दार अर्धंच उघडलं. त्याही झोपलेल्या दिसत नव्हत्या. "आहे ना?" हा त्यांचा पहिला शब्द.

"आहे. पण खात नाहीये. माझ्या हातचं खात नाही, ह्यांच्या हातचं खात नाही. आज खाल्लं नाही तर..." बाईंना पुढचं म्हणता आलं नाही. त्यांनी जे वर्षभर घशात अडकलं होतं ते ओढून बाहेर काढलं. "त्याला तुमच्याच हातचं लागतं, मावशी. पहिल्यापासून. मी बघत होते. मला बघवत नव्हतं."

मावशी दाराला धरून उभ्या राहिल्या. "आणि मी घातलं आणि त्याला काही झालं, की परत कागद?"

"नाही."

"तुझ्या नाहीवर मी कशी विसंबू?" त्या आत वळल्या. बाईंना वाटलं, संपलं. पण मावशी चपला घालायला वळल्या होत्या. "काय घालायचं, किती घालायचं, ते मी डॉक्टरला विचारीन. तुझ्या तोंडून काही ऐकायचं नाहीये मला. वाटेत बोलूसुद्धा नकोस."

बाई वाटेत बोलल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, खोलीत एकीनेच जा, आत बाकीची आजारी जनावरं आहेत, गर्दीने बिथरतात. मावशींनी त्यांना भाताचं विचारून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, मग वाडगा घेऊन आत गेल्या. मधे काचेचं दार. बाई बाहेर, काचेला नाक लागेल इतक्या जवळ.

मावशींना खाली बसायला वेळ लागला. दुखरा पाय लांब करून त्या फरशीवर टेकल्या, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते काचेतून ऐकू आलं नाही. ढब्बूचा एक कान वळला. मग डोकं वळलं. मावशींनी दोन बोटांवर भात घेऊन त्याच्या नाकाखाली धरला आणि हात तसाच ठेवला. कोंबला नाही, हलवला नाही, घाई केली नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. बाईंच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती त्यांनी पदराने पुसली. पुसून बघतात तो मावशींची बोटं रिकामी होती.

मावशींनी दुसरा घास घेतला. तो त्याने चाटला, थांबला, मावशींच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि मग उरलेला खाल्ला.

आणि बाईंच्या पोटात तेच उठलं. अगदी तेच, तसूभरही कमी नाही. ती हनुवटी माझ्या हातावर हवी होती. त्या फरशीवर मी बसायला हवं होतं. नऊ वर्षं माझी, आणि खातोस तिच्या हातचं! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आनंदाचं किती आणि जळफळाटाचं किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळं करता आलं नसतं. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर टेकले आणि पुटपुटल्या, "घाला मावशी, अजून एक घाला."